वजन 118 किलो, तीन गोळ्या आणि न उतरणारा रक्तदाब

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे अण्णा आणि त्यांच्या धाकट्या भावाला बापू म्हटलं आहे.)

पार्श्वभूमी

अण्णा 48 वर्षांचे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी भुसार मालाची अडत. दिवसभर गादीवर बैठक, सौदे फोनवर, आणि येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याबरोबर एक चहा. उंची 167 सेंटिमीटर, वजन 118 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) 42. भारतीयांसाठी 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. 40 च्या पुढचा आकडा कुठल्याही देशाच्या तक्त्यात सर्वांत वरच्या गटात जातो. कंबर 131 सेंटिमीटर.

रक्तदाब चार वर्षांपासून. टेल्मिसार्टन 80, अम्लोडिपिन 10 आणि अटेनोलोल 50 (आकडे मिलिग्रॅममध्ये) अशा तीन गोळ्या चालू होत्या. साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. दोन-तीन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि प्रत्येक ठिकाणी एक गोळी वाढली होती. शेवटच्या कागदावर आकडा होता 172/106, शेजारी शेरा: ‘रुग्ण पथ्य पाळत नाही.’

अण्णांचं स्वतःचं म्हणणं साधं होतं. “डॉक्टर, गोळी वाढवायची तर वाढवा. पण ते वजन कमी करा तेवढं म्हणू नका, ते ऐकून कान किटले.”

ही तक्रार मला रास्त वाटते. ‘वजन कमी करा’ हे वाक्य आपल्याकडे सल्ला म्हणून कमी आणि विषय संपवायला जास्त वापरलं जातं.

अडचण नेमकी कुठे होती

पहिला प्रश्न हा, की 172 हा आकडा तरी खरा का. अण्णांच्या दंडाचा घेर 42 सेंटिमीटर भरला. दाब मोजताना दंडाला बांधायचा नेहमीचा पट्टा साधारण 32 ते 34 सेंटिमीटरपर्यंतच्या दंडासाठी असतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की रक्तवाहिनी दाबायला जादा हवा भरावी लागते आणि दाब आहे त्यापेक्षा वाढीव दिसतो. बाल्टिमोरला झालेला, 2023 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच प्रश्नावर होता. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागायला हवा होता त्यांना मध्यम पट्टा बांधल्यावर वरचा दाब सरासरी जवळपास 20 अंकांनी जास्त आला. मोठा पट्टा लावून, पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात टेबलावर ठेवून मोजला तेव्हा अण्णांचा दाब 156/96 निघाला.

सोळा अंक पट्ट्यातच गेले. तालुक्याच्या ठिकाणी मोठा पट्टा सहसा नसतो, आणि असला तर कपाटात असतो. तरी 156/96 हेही काही कमी नाही. खोटा भाग काढून टाकल्यावर उरला तो खरा रक्तदाब होता.

दुसरी गोष्ट, तीन गोळ्यांमध्ये लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी एकही नव्हती. दाद न देणारा रक्तदाब असं नाव देण्याआधी तीन औषधं पुऱ्या डोसमध्ये हवीत, आणि त्यांतलं एक या जातीचं हवं. लठ्ठ माणसात हे औषध वगळणं जास्तच महागात पडतं, कारण त्याच्या रक्तदाबाचं मूळ बऱ्याच अंशी मूत्रपिंडात अडकून राहणाऱ्या मिठात असतं. वाढलेलं इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं. चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक मज्जासंस्थेचा ‘सावध’ भाग सतत चालू ठेवतं. मूत्रपिंडाभोवती साठलेली चरबी त्याला बाहेरून दाबते, आणि मीठ धरून ठेवायला लावणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरकही वाढतं. वजन जितकं जास्त तितके हे रेटे एकावर एक चढतात. म्हणून बीएमआय 27 च्या माणसाला एका गोळीत मिळतो तो परिणाम 42 च्या माणसाला तीन गोळ्यांतही मिळत नाही. दर वेळी त्याचं खापर पथ्यावर फोडणं बरोबर नाही.

तिसरी गोष्ट अण्णांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी सांगितली, तीही उठता उठता. गुडघे दुखतात म्हणून अण्णा मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणायचे, रोज एक, कधी दोन. चिठ्ठीवर त्या नव्हत्या, त्यामुळे कुणी विचारलं नव्हतं. या जातीच्या गोळ्या मीठ-पाणी अडवतात, रक्तदाब चढवतात आणि टेल्मिसार्टनचा परिणाम खातात. गुडघे दुखत होते वजनाने, गोळी दाब चढवत होती, आणि दाबासाठी आणखी एक गोळी येत होती.

चौथी गोष्ट, झोप. घोरणं इतकं की वहिनी दोन वर्षांपासून मुलीच्या खोलीत झोपतात. “मध्येच श्वास थांबतो, मग एकदम दचकल्यासारखा आवाज येतो,” असं त्या म्हणाल्या. दुपारी गादीवर हिशेबाची वही उघडी आणि मान खाली, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला सुखाची झोप म्हणत.

तपासण्या

24 तास रक्तदाब मोजणारं यंत्र लावलं. दिवसाची सरासरी 149/91, रात्रीची 146/88. निरोगी माणसाचा दाब झोपेत दहा टक्के तरी उतरतो. यांचा जवळपास उतरतच नव्हता. झोपेच्या तपासणीत तासाला 46 वेळा श्वास अडखळलेला किंवा थांबलेला आढळला. 30 च्या वर तीव्र मानतात. प्राणवायू एका क्षणी 74 टक्क्यांपर्यंत खाली गेला होता.

एचबीए1सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, 7.9. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 262. यकृताला त्रास झाला की वाढणारं एएलटी 68 आणि सोनोग्राफीत दुसऱ्या श्रेणीचं चरबीयुक्त यकृत. क्रिएटिनिन ठीक, पण लघवीतल्या अल्ब्युमिनचं प्रमाण 86, जे 30 च्या आत हवं. म्हणजे मूत्रपिंडाला झळ लागायला सुरुवात झाली होती. थायरॉइड आणि अल्डोस्टेरॉन-रेनिनचं गुणोत्तर नीट होतं, म्हणजे दाबामागे ग्रंथींचं लपलेलं कारण दिसलं नाही.

भाऊ सोबतीला आला आणि सापडला

बापू 44 वर्षांचे, त्याच दुकानात. उंची 170, वजन 71, बीएमआय 24.6. पँट ढगळ, हातपाय काडीसारखे. भावाच्या तपासण्या चालू असताना हसत म्हणाले, “आमच्यात वजनाचा सगळा वाटा अण्णानेच घेतला.” त्यांचंही रक्त घ्या असा आग्रह वहिनींनी धरला. एचबीए1सी 8.8, ट्रायग्लिसराइड 340, यकृतात चरबी. कंबर मोजली तर 96 सेंटिमीटर. रक्तदाब मात्र 132/84.

एकाच घरातली, एकाच ताटात जेवणारी ही दोन माणसं. ज्याचं वजन 118 त्याची साखर 7.9 आणि ज्याचं 71 त्याची 8.8. या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट हीच वाटते. वजनाची तीव्रता रक्तदाबाबद्दल आणि झोपेतल्या श्वासाबद्दल बरंच काही सांगते. साखर, ट्रायग्लिसराइड आणि यकृताबद्दल मात्र तेवढं नाही. तिथे चरबी किती यापेक्षा चरबी कुठे हे जास्त महत्त्वाचं ठरतं. त्वचेखाली जागा कमी पडली की ती पोटात आणि यकृतात जाते, आणि आपल्या लोकांत ही जागा लवकर कमी पडते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हा मुद्दा स्वतःच्याच देहावर दाखवला होता. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. बापूंसारख्या माणसाला वजनकाटा कधीच हटकत नाही, म्हणून तो तपासायलाही येत नाही.

जानेवारी 2025 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी लठ्ठपणाची जी नवी मांडणी केली तिचा रोखही इकडेच आहे. बीएमआय 23 च्या पुढे गेला, आणि सोबत पोटाचा घेर वाढलेला असून शरीरावर परिणाम दिसत असतील, तर तो दुसरा टप्पा. त्या मापाने दोघेही भाऊ दुसऱ्या टप्प्यात. अण्णांना धक्का बसला नाही, बापूंना बसला.

पुढचं सगळं अण्णांबद्दल.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता, चौथी गोळी. स्पायरोनोलॅक्टोन. 2015 मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या पाथवे-2 चाचणीत दाद न देणाऱ्या रक्तदाबावर हेच औषध इतरांपेक्षा सरस ठरलं होतं, आणि स्वस्तही आहे. पण आधीच्या तीन गोळ्या बरोबर नसताना चौथी कशाला?

दुसरा, आहार आणि चालणं. किलोमागे वरचा दाब साधारण एक अंकाने उतरतो असा सरासरी हिशेब आहे. दहा किलो म्हणजे दहा अंक. वाईट नाही. पण बीएमआय 42 आणि दुखणारे गुडघे घेऊन फक्त चालण्याने दहा किलो उतरवून ते टिकवणारे लोक थोडे असतात. अण्णा त्यांतले असतील असं धरून चालणं मला प्रामाणिक वाटत नव्हतं.

तिसरा पर्याय, वजन उतरवणारी इंजेक्शनं. टिर्झेपटाइड भारतात मार्च 2025 मध्ये आलं. मधुमेह नसलेल्यांत सर्वांत मोठ्या डोसला 72 आठवड्यांत वजन 20.9 टक्के उतरलं, मधुमेहींत मात्र 14.7 टक्के. जाहिरातीत पहिला आकडा असतो आणि दवाखान्यात बहुतेक वेळा दुसरा लागू असतो. झोपेतल्या श्वासावरही याची चाचणी झाली आहे. 2024 मध्ये आलेल्या निष्कर्षांत तासाला 25 ते 29 अडथळे कमी झाले. 2025 मध्ये ते बाजारात आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसला महिन्याचा खर्च 14,000 ते 17,500 रुपये होता. औषध थांबवलं की वजन परत चढतं हेही चाचणीत दिसलं आहे.

चौथा, शस्त्रक्रिया. ब्राझीलमधल्या 2018 च्या गेटवे चाचणीत जठराच्या बायपासनंतर वर्षभरात सुमारे 84 टक्के रुग्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीस टक्के किंवा जास्त घटल्या. फक्त औषधं घेणाऱ्या गटात हे प्रमाण 13 टक्के होतं. बीएमआय 40 च्या वर असल्याने अण्णा विम्याच्या नियमातही बसत होते, कारण विमा नियामकाच्या ठरलेल्या अटीत 40, किंवा गंभीर आजार सोबत असेल तर 35, अशी मर्यादा आहे. मात्र त्यांची पॉलिसी नवी होती आणि प्रतीक्षेचा काळ बाकी होता.

अण्णांच्या आईंनी चौथा पर्याय उंबऱ्यावरच परतवला. “चांगलं चाललेलं पोट कापायचं?” मुलीचं लग्नही ठरायच्या बेतात होतं. शस्त्रक्रिया लांबणीवर पडली.

काय केलं

आधी चुकीचं होतं ते काढलं. वेदनाशामक बंद, त्याऐवजी गरजेपुरतं पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. अटेनोलोल हळूहळू उतरवून थांबवलं. ते एकदम तोडायचं नसतं. हृदयाचं दुसरं काही कारण नसताना मधुमेही लठ्ठ माणसाला ते देण्यात फायदा कमी, उलट वजन आणि साखर थोडी वाढतेच. त्या जागी लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं क्लोरथॅलिडोन 12.5. ग्लिमेपिराइडही वजन वाढवतं, ते काढून डॅपाग्लिफ्लोझिन दिलं. त्याने साखरेबरोबर दाबही थोडा उतरतो आणि मूत्रपिंडाला आधार मिळतो.

मग मीठ. ‘मीठ कमी खा’ म्हटलं की प्रत्येक जण ‘आम्ही कमीच खातो’ म्हणतो. म्हणून वहिनींना वेगळं विचारलं, मिठाचा किलोचा पुडा किती दिवस जातो? “पंधरा दिवस.” घरात माणसं पाच. म्हणजे माणशी दिवसाला 13 ग्रॅमच्या वर. त्यातलं काही लोणच्यात जातं, काही वाया जातं हे धरलं तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या 5 ग्रॅमच्या मर्यादेपासून ते दूरच. दुकानातल्या फरसाणाचा आणि खारवलेल्या शेंगदाण्यांचा हिशेब तर यात नाहीच. पापड आणि खर्डा रोजचा न ठेवता आठवड्यातून एकदा, आणि पुडा महिनाभर पुरवायचा, एवढंच ठरलं. वहिनींना पुड्याची भाषा लगेच पटली. ग्रॅमची पटली नसती.

चहाचंही तसंच. दिवसाला आठ कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे 80 ग्रॅम साखर आणि 320 उष्मांक. चहा बंद करायला सांगितला असता तर अण्णा परत आले नसते, कारण अडतीच्या धंद्यात चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. त्यांचा कप बिनसाखरेचा, हे त्यांनी स्वतःच सुचवलं.

चार आठवड्यांत दाब 142/88 झाला आणि वजन 115. वजनात फक्त तीन किलोंचा फरक होता. बाकीची उतरण चुकीच्या गोळ्या निघाल्याची आणि मिठाची.

झोपेसाठी सीपॅप यंत्र घेतलं, जे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. पहिले काही आठवडे अण्णा रात्री दोन वाजता मास्क भिरकावून द्यायचे. तोंड-नाक झाकणारा मास्क बदलून फक्त नाकाचा आणला, तेव्हा ते चार-पाच तास टिकू लागले. सीपॅपने दाब सरासरी दोन-तीन अंकच उतरतो. रक्तदाबाचा इलाज म्हणून ते विकणं मला पटत नाही. दुपारची पेंग मात्र गेली, आणि जागा माणूस पथ्याचं ऐकू शकतो.

इथे खरा निर्णयाचा क्षण आला. दाब 138/86, लक्ष्य 130/80 च्या खाली. स्पायरोनोलॅक्टोन घालून आठ-दहा अंक मिळवता आले असते. पण लघवीतलं अल्ब्युमिन, यकृत, श्वास आणि साखर या चारांना ती गोळी फारशी शिवली नसती. या सगळ्यांचं सामाईक मूळ वजनात होतं. स्पायरोनोलॅक्टोन राखून ठेवलं आणि गुढीपाडव्यानंतर टिर्झेपटाइड सुरू केलं, 2.5 पासून चढवत.

मे महिन्यातली भोवळ

मेमध्ये अण्णा मार्केट यार्डात सौद्याला उभे होते. ऊन 40 च्या पुढे, सकाळपासून मळमळ म्हणून पाणीही कमी प्यायलेले. हमालाने खांद्याला धरलं म्हणून पडले नाहीत. बसून दाब 112/70, उभं राहिल्यावर 94/60.

कारण उघड होतं. क्लोरथॅलिडोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन दोन्ही लघवीवाटे पाणी काढतात, इंजेक्शनाने खाणं-पिणं घटतं, आणि वजन 110 वर आल्याने दाबही खालूनच सुरू होत होता. क्लोरथॅलिडोन बंद केलं आणि अम्लोडिपिन 10 वरून 5 वर आणलं. त्यामुळे पायांची सूजही गेली. ती सूज इतके दिवस ‘वजनाची’ म्हणून खपली होती.

निकाल

दिवाळीला वजन 103 किलो, म्हणजे सुरुवातीपेक्षा जवळपास 13 टक्के कमी. रक्तदाब मोठ्या पट्ट्याने 126/78, गोळ्या दोनच. एचबीए1सी 6.3, ट्रायग्लिसराइड 148, एएलटी 34. लघवीतलं अल्ब्युमिन 28. झोपेतले अडथळे तासाला 46 वरून 21. बीएमआय अजून 37 आहे. वजनाच्या तक्त्यात माणूस अजूनही लठ्ठच, पण बाकीचे आकडे ताळ्यावर. वजन ‘आदर्श’ होण्याची वाट पाहावी लागली नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवण्यासारखं.

मग अण्णांनी इंजेक्शन थांबवलं. लग्नाचा खर्च होता, आणि “आता झालं की” ही भावना. मला कळलं संक्रांतीच्या सुमाराला, वजन 109 झाल्यावर. दाब 142/90. साखर 6.7, म्हणजे तुलनेने सावरलेली. एचबीए1सी तीन महिन्यांची सरासरी दाखवतं म्हणून ती मागे राहते हे खरं, पण मला त्यात आणखी काही दिसतं. स्वीडनमध्ये 1987 पासून चाललेल्या लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांच्या मोठ्या अभ्यासातही दहा वर्षांनी मधुमेहावरचा फायदा बराच टिकला होता, रक्तदाबावरचा मात्र जवळपास पुसला गेला होता. वजन थोडं चढलं की दाब लगेच हिशेब मागतो.

वेगळं काय करता आलं असतं

दंडाचा घेर आणि झोपेचा इतिहास, या दोन गोष्टी चार वर्षांपूर्वीच्या पहिल्या भेटीत पाच मिनिटांत झाल्या असत्या. त्यांना यंत्र लागत नाही, मोजपट्टी आणि शेजारी बसलेली बायको लागते. नवरा घोरतो का, हे नवऱ्याला विचारून उपयोग नाही.

औषधं बदलण्याच्या आधी झोपेचा इलाज सुरू झाला असता तर चांगलं झालं असतं का? माझ्या मते क्रम असाच ठीक होता. खर्च अंगावर येण्याआधी फुकटात होणाऱ्या गोष्टी संपवल्या, आणि त्या फरकामुळे अण्णांचा विश्वास बसला. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. तासाला 46 वेळा श्वास अडणारा माणूस महिनाभर तसाच झोपला, हा त्यांचा आक्षेप आहे आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

इंजेक्शन सुरू करताना, वजन पाच टक्के उतरलं की रक्तदाबाच्या गोळ्या पुन्हा तपासायच्या आणि उन्हाळ्यात पाणी काढणारं औषध आधीच अर्धं करायचं, असं कागदावर लिहून द्यायला हवं. आता आमच्याकडे ते लिहून दिलं जातं.

आणि पैसे. इंजेक्शन किती महिने परवडेल हा प्रश्न डोसच्या आधी यायला हवा. सहा महिनेच परवडणार असेल, तर पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत थांबून शस्त्रक्रिया करणं स्वस्त पडू शकतं. अण्णांच्या बाबतीत तो काळ येत्या पावसाळ्यात संपतो. तोवर क्लोरथॅलिडोन 6.25 पुन्हा सुरू केलं आहे, इंजेक्शन लहान डोसला परत चालू आहे आणि सर्जनची एक भेट झाली आहे. आई अजून तयार नाहीत. बापूंची साखर 6.9 वर आली आहे. सर्जनकडे अण्णांसोबत तेच गेले होते.